पाच किलोसाठी अंगठ्याची साक्ष

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या अभिमानाने एक आकडा देशापुढे ठेवला. शिधापत्रिकांचे संगणकीकरण, आधारजोडणी आणि इलेक्ट्रॉनिक पडताळणी यांच्या बळावर ५ कोटी ८० लाख बनावट शिधापत्रिका रद्द करण्यात आल्या, असे सरकारी निवेदनात म्हटले होते. देशभरातील रास्त भाव दुकानांत ५ लाख ३३ हजार ई-पॉस यंत्रे बसली असून धान्याची गळती थांबली आहे, असेही त्यात सांगितले होते. या आकड्याने सुशिक्षित मध्यमवर्ग सुखावला, आणि खेदाची गोष्ट म्हणजे समाजवादी चळवळीतील अनेक कार्यकर्त्यांनीही समाधानाने मान डोलावली. रेशनमधील काळाबाजाराविरुद्ध ज्यांनी आयुष्यभर मोर्चे काढले, त्यांना यंत्राने काळाबाजारवाल्याला पकडल्याचा आनंद व्हावा, हे एका परीने स्वाभाविकच होय.

परंतु त्या आकड्याला काही साधे प्रश्न विचारणे आवश्यक आहे. ५ कोटी ८० लाख शिधापत्रिका बनावट होत्या, तर त्या बनवल्या कोणी? इतक्या प्रचंड फसवणुकीबद्दल किती अधिकारी तुरुंगात गेले? रद्द झालेल्यांपैकी खरोखर खोट्या किती, मृतांच्या किती, दुबार किती, आणि ज्यांची आधारजोडणी केवळ कारकुनी चुकीमुळे राहून गेली अशा जिवंत माणसांच्या किती? निवेदन यांपैकी कशाचेही उत्तर देत नाही. ज्याचे नाव यादीतून गेले तो बनावट, आणि तो बनावट होता याचा पुरावा काय, तर त्याचे नाव यादीतून गेले! सत्तेचे तर्कशास्त्र इतके सोपे झाले की, नागरिकाला आपण जिवंत आणि गरजू आहोत हे दरमहा सिद्ध करण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

शिधापत्रिकेचा अर्थ

ठाकूरद्वारसारख्या वस्तीला शिधापत्रिका म्हणजे काय, हे नव्याने शिकवण्याची गरज नाही. बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मरत होती त्या १९४३ साली, मे महिन्यात, मुंबईत रेशनिंग सुरू झाले. परकीय सरकारने ते काही भूतदयेपोटी केले नव्हते. युद्धकाळात बंदर, रेल्वे आणि गिरण्या चालू राहाव्यात एवढाच त्याचा हेतू होता. तथापि त्या व्यवस्थेत एक तत्त्व होते. शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला ठरलेले धान्य ठरलेल्या दराने मिळेल, हे ते तत्त्व. चाळीच्या खोलीतील कारकून, पेढीवरचा मुनीम, खानावळवाली आणि हातगाडी ओढणारा हमाल यांची पत्रिका एकच होती. पुढे याच पत्रिकेने शाळेत नाव घालण्यापासून मतदारयादीत नाव चढवण्यापर्यंत मुंबईकराची ओळख पटवली. रेशन कार्ड हातात आले म्हणजे माणूस मुंबईचा झाला, ही भावना उगाच निर्माण झाली नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मुंबईच्या गृहिणींना रस्त्यावर आणले. हातात लाटणी घेऊन निघालेल्या त्या मोर्चांची मागणी काय होती? रेशनवर पुरेसे, खाण्याजोगे धान्य, तेल आणि रॉकेल वेळेवर मिळावे, ही. स्त्रियांनी सरकारला जाब विचारला होता: माल कुठे गेला? सरकारने पुरवठ्याचा हिशेब द्यावा आणि जनतेने तो मागावा, असा त्या लढ्याचा रोख होता.

आज हा रोख नेमका उलटा झाला आहे. आता सरकार बाईला विचारते, तू कोण? हिशेब द्यायचा तो तिने, दरमहा, आपल्या बोटाने. या उलटापालटीला ‘पारदर्शकता’ हे नाव मिळाले आहे.

हा बदल एका दिवसात झालेला नाही. जून १९९७ मध्ये केंद्राने सर्वांसाठी असलेली रेशनव्यवस्था मोडून ‘लक्ष्यनिर्धारित’ व्यवस्था आणली. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या पत्रिका आल्या, आणि एकाच मजल्यावरची बिऱ्हाडे तीन रंगांत विभागली गेली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने धान्याला हक्काचे रूप दिले, ही निःसंशय मोठी गोष्ट होती. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला ५ किलो, असे त्याचे प्रमाण. पुढे जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. परंतु त्याआधीच, फेब्रुवारी २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने या हक्काच्या दाराला आधारचे कुलूप घातले होते. ज्या आधार कायद्याचा आश्रय त्यासाठी घेतला गेला, तो २०१६ साली धन विधेयक म्हणून संमत करून राज्यसभेला बाजूला सारण्यात आले होते, हेही विसरता कामा नये.

यंत्र चालते कसे?

या यंत्राची कार्यपद्धती नीट समजून घेतल्याशिवाय त्याच्याविषयी बोलणे व्यर्थ आहे. दुकानदार शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक ई-पॉस यंत्रात टाकतो. कुटुंबातील माणसांची नावे पडद्यावर येतात. जो सभासद धान्य घेण्यास आला असेल त्याचे नाव निवडले जाते आणि तो काचेवर बोट ठेवतो. त्या ठशाची माहिती राज्याच्या सर्व्हरमार्फत आधार प्राधिकरणाच्या मध्यवर्ती भांडारात जाते, तेथील जुन्या ठशाशी ताडून पाहिली जाते, आणि ‘जुळला’ किंवा ‘जुळला नाही’ असे उत्तर परत येते. जुळला तर त्या महिन्याच्या धान्याची नोंद होते, पावती निघते आणि दुकानाच्या साठ्यातून तेवढे धान्य वजा होते.

म्हणजे पाच किलो धान्य घरी नेण्यासाठी पाच गोष्टी एकाच वेळी धड असाव्या लागतात: यंत्र, नेटवर्क, राज्याचा सर्व्हर, आधारचे मध्यवर्ती भांडार आणि माणसाचे बोट. यांपैकी चार सरकारच्या आणि कंपन्यांच्या ताब्यात आहेत. बिघाड त्यांत झाला तरी रिकामी पिशवी घेऊन परत जाते ती बाई. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात ई-पॉसच्या सर्व्हरने इतका दगा दिला की, अखेर शासनाला यंत्राविना वाटपाची मुभा द्यावी लागली. राज्यातील सुमारे ५२ हजार दुकाने एका सर्व्हरच्या श्वासावर अवलंबून ठेवण्याला प्रगती म्हणावयाचे असेल, तर तो शब्दाचा दुरुपयोग आहे.

पाचवी गोष्ट बोट. ज्याने आयुष्यभर लेखणी धरली त्याचे बोट यंत्र सहज ओळखते. ठाकूरद्वारच्या मागे भुलेश्वर-काळबादेवीच्या बाजारात हातगाडी ओढणाऱ्याचे, दहा घरची भांडी घासणाऱ्या बाईचे, पोळीभाजी केंद्रात तापल्या तव्यासमोर शेकडो पोळ्या लाटणारीचे, आणि चाळीच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या आजीचे बोट मात्र त्याला ओळखू येत नाही. कष्टाने आणि वयाने ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या, नेमक्या त्यांच्यासाठीच हे धान्य आहे. अन्न सुरक्षा कायद्याचे तेरावे कलम घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीला कुटुंबप्रमुख मानते. कायदा तिला मान देतो आणि यंत्र तिला ‘अंगठा लागत नाही, उद्या या’ म्हणून परत पाठवते. तो ‘उद्या’ म्हणजे तिच्या एका दिवसाच्या कामाचा खाडा होय.

हा केवळ भावनेचा प्रश्न आहे, असे समजणाऱ्यांनी सरकारचेच आकडे पाहावेत. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत ठसे न जुळण्याचे प्रमाण झारखंडमध्ये ४९ टक्के आणि राजस्थानात ३७ टक्के असल्याचे अंदाज नमूद आहेत. मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाच्या प्रमुखांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, सरकारी सेवांतील पडताळणी ८८ टक्के यशस्वी होते. म्हणजे शंभरांतील बारा वेळा ती अयशस्वी होते! मोबाइल कंपन्यांच्या बाबतीत यशाचे प्रमाण ९७ टक्के होते. सिमकार्ड घेणाऱ्याचा अंगठा चालतो आणि तांदूळ घेणाऱ्याचा चालत नाही, यातील वर्गीय आशय कोणाही समाजवाद्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या बहुमताच्या निकालात कल्याणकारी योजनांसाठी आधारसक्ती मान्य केली, हे खरे. परंतु न्यायालयाच्या मान्यतेने झिजलेल्या बोटावर रेषा उमटत नाहीत.

सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारजोडणी नसल्याने तिच्या कुटुंबाची शिधापत्रिका रद्द झाली होती आणि घरात अन्न नव्हते. मृत्यू मलेरियाने झाल्याचे सांगून सरकारने हात झटकले. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राने परिपत्रक काढले: आधार नाही म्हणून कोणाचे नाव कमी करू नये, ठसा जुळला नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये, अशा वाटपाची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी. परिपत्रक उत्तम आहे. प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर ते ठळक अक्षरांत लावलेले दिसले पाहिजे. ते दिसत नाही, आणि दुकानदार ‘यंत्र घेत नाही, मी काय करू’ एवढेच म्हणतो. तोही सर्वस्वी खोटे बोलत नाही. क्विंटलमागे २०२५ पर्यंत १५० आणि त्यानंतर १७० रुपये कमिशनवर दुकान चालवणारा तो माणूस यंत्राबाहेर धान्य दिल्यास स्वतःच चोर ठरण्याच्या भीतीत असतो.

चोर कुठे, पहारा कुठे?

यंत्राच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद चोरीविषयी आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. पूर्वी न आलेल्या कार्डधारकाच्या नावावर वहीत धान्य दाखवून ते बाजारात विकले जाई, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. ती लबाडी यंत्रामुळे अवघड झाली. परंतु रेशनची चोरी काही एकाच वाटेने होत नाही. अन्न महामंडळाच्या गोदामापासून दुकानापर्यंतच्या वाहतुकीत माल जातो. चांगल्याच्या जागी खराब माल येतो. आणि दुकानात पाच किलोंच्या जागी चार किलो देऊन यंत्रात पाचाची नोंद होते. या शेवटच्या प्रकारात तर यंत्र चोराचे साक्षीदार बनते. आधी अंगठा, मग माप, असा क्रम असल्याने बाईने तक्रार केली तरी तिचाच ठसा तिच्याविरुद्ध पुरावा ठरतो. पूर्वी सावकार कोऱ्या रोख्यावर कुणब्याचा अंगठा घेई आणि आकडा नंतर भरी. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे असले रोखे जाळले, हा महाराष्ट्राचा इतिहास आहे.

झारखंडच्या दहा जिल्ह्यांत कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी शास्त्रशुद्ध पाहणी करून २०२० मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. अंगठ्याच्या सक्तीने गळतीत मोजण्याजोगी घट झाली नाही. उलट धान्य मिळवण्यासाठी लोकांना पडणारा वेळेचा आणि पैशाचा भुर्दंड १७ टक्क्यांनी वाढला, आणि ज्यांची आधारजोडणी झाली नव्हती अशा कुटुंबांना मिळणारा लाभ सुमारे १० टक्क्यांनी घटला. पहारा चोराच्या वाटेवर नसून भुकेल्याच्या वाटेवर आहे, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

याचा अर्थ यंत्र फेकून द्यावे असा नाही. येथे दोन गोष्टींत काटेकोर फरक केला पाहिजे. साठ्याचा हिशेब ठेवणारे यंत्र वेगळे आणि माणसाला अडवणारे यंत्र वेगळे. गोदामातून किती पोती निघाली, दुकानात किती पोहोचली, किती वाटली, याची नोंद संगणकावर उघड असणे हे जनतेच्या हिताचेच आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने हे दप्तर जनतेला खुले केलेले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून सुरू झालेली आणि जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचलेली ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना हाही खरा लाभ आहे. गिरगावची खोली सोडून विरारला किंवा डोंबिवलीला गेलेल्या कुटुंबाला तेथे धान्य घेता येते. बिहारचा हमाल मुंबईत आपला वाटा उचलू शकतो. पण या सोयीला लागते ती सामायिक नोंदवही. एका दुकानातील उचल दुसऱ्या दुकानाला दिसली की काम झाले. त्यासाठी दरमहा बोटाची झडती कशाला हवी?

अमेरिकेचे उदाहरण

इलेक्ट्रॉनिक कार्ड म्हटले की अंगठा आलाच, असे मानणाऱ्यांनी भांडवलशाहीच्या माहेरघरीच डोकावून पाहावे. अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी पूर्वी कागदी कूपने मिळत. १९९६ च्या कायद्याने राज्यांना २००२ पर्यंत त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक कार्ड आणण्यास भाग पाडले. दरमहा ठरावीक तारखेला कुटुंबाच्या खात्यात रक्कम जमा होते, दुकानात कार्ड सरकवून चार अंकी गुप्त क्रमांक दाबला की तेवढी रक्कम वजा होते, आणि दुकानदाराला पैसे मिळतात. घरातील कोणीही विश्वासू माणूस कार्ड घेऊन जाऊ शकतो. न्यूयॉर्क शहराने या मदतीसाठी अर्ज करणाऱ्यांचे ठसे घेण्याची प्रथा पाडली होती. गरिबाला गुन्हेगारासारखे वागवणारी म्हणून ती २०१२ मध्ये बंद करावी लागली.

अमेरिकेची व्यवस्था आदर्श आहे असे मुळीच नाही. ही कार्डे खाजगी कंपन्या चालवतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये अशाच एका कंपनीची यंत्रणा बंद पडली आणि सतरा राज्यांतील गरिबांना काही तास दुकानातून रिकाम्या हाताने परतावे लागले. कार्डावरील माहिती चोरून गरिबांची रक्कम लांबवणाऱ्या टोळ्या बोकाळल्या, आणि चोरीला गेलेली रक्कम भरून देण्याची केंद्रीय तरतूद डिसेंबर २०२४ मध्ये संपली. बँकेच्या ग्राहकाच्या कार्डाला चिप आणि गरिबाच्या कार्डाला बहुतेक राज्यांत जुनी चुंबकीय पट्टी, असा भेद तेथेही आहे. तात्पर्य एवढेच की, यंत्र कोणतेही असो, त्याचा धोका कोणी सोसावयाचा हे राजकारण ठरवते.

इष्टांकाची कोंडी

मुंबईच्या बाबतीत अंगठ्यापेक्षाही मोठे कुलूप दुसरेच आहे. कायद्याची अंमलबजावणी करताना महाराष्ट्र शासनाने शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये ठरवली, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. या महानगरात पाच हजारांत कुटुंब चालवणारा माणूस शोधून काढणे हे संशोधनाचेच काम ठरेल. खरे उत्पन्न सांगितले तर धान्य जाते आणि खोटे सांगितले तर माणूस कायम धास्तीत राहतो. गरिबाला कायद्यानेच लबाड बनवावयाचे आणि मग लबाडी पकडण्यासाठी यंत्र बसवावयाचे, असा हा न्याय आहे. ठाकूरद्वारच्या चाळीतील दुकानात नोकरी करणारा माणूस, घरी शिवणकाम करणारी बाई, निवृत्तिवेतन नसलेला म्हातारा, यांपैकी कितीजण केशरी पत्रिका घेऊन या कायद्याच्या बाहेर उभे आहेत! टाळेबंदीत, मे-जून २०२० मध्ये, शासनाला या केशरी कार्डधारकांनाही सवलतीचे धान्य द्यावे लागले. त्यांची गरज तेव्हा मान्य झाली आणि दोन महिन्यांत विसरली गेली.

शिवाय महाराष्ट्राचा इष्टांक ७ कोटी १६ हजारांवर गोठलेला आहे, आणि तो २०११ च्या जनगणनेवरून काढलेला आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. लोकसंख्या वाढली, गरिबी शहरात आली, पण यादी वाढली नाही. नव्या गरजूचे नाव चढवावयाचे तर जुन्या कोणाचे तरी नाव उतरावे लागते. ई-केवायसीच्या मोहिमा, एप्रिल-मे २०२५ मध्ये निघालेली अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम, आणि सहा महिने धान्य न उचलणाऱ्याची पत्रिका निष्क्रिय करण्याचा जुलै २०२५ चा केंद्राचा आदेश, या सर्वांकडे या प्रकाशात पाहिले पाहिजे. गावी आजारी पडलेली आजी किंवा चाळीचा पुनर्विकास निघाल्याने दूर संक्रमण शिबिरात गेलेले कुटुंब सहा महिने दुकानात आले नाही, तर ते गरजू नाही असे ठरते. गरिबाची जागा गरिबाकडून काढून गरिबाला देणे याला सामाजिक न्याय म्हणता येणार नाही.

या वाटेचा पुढचा मुक्काम कोणता, हेही दिसू लागले आहे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना पूर्वी सवलतीचे पाच किलो धान्य मिळे. २०२३ पासून ते बंद होऊन माणशी महिन्याला १५० रुपये खात्यात टाकण्याचा निर्णय झाला. अशा रकमेत आज बाजारात किती धान्य येते, उद्या किती येईल? धान्याचा भाव वाढला तरी पोते तेवढेच राहते. रकमेचे तसे नाही. आधी माणसाची ओळख यंत्रात बंदिस्त करावयाची, मग धान्याऐवजी रक्कम, मग रकमेला अटी, असा हा क्रम आहे. ‘लाडकी बहीण’ योजनेने तो अवघ्या वर्षात करून दाखवला. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपूर्वी अर्ज घेण्याची केवढी घाई होती! निवडणूक आटोपली आणि जुलै २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजार बहिणी अपात्र असल्याचा साक्षात्कार सरकारला झाला. मागोमाग ई-केवायसीची सक्ती आली. मत घेताना बहीण, पैसे देताना संशयित!

ओळखीचा एवढा आग्रह धरणारे हेच राज्यकर्ते २०१८ मध्ये निवडणूक रोखे आणतात, तेव्हा कोट्यवधी रुपये देणाऱ्याचे नाव जनतेला कळू नये अशी चोख व्यवस्था करतात. ती घटनाबाह्य ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला १५ फेब्रुवारी २०२४ चा दिवस उजाडावा लागला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर एका फटक्यात कमी करून १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडले गेले. त्यासाठी कोणा उद्योगपतीला काचेवर बोट ठेवावे लागले नाही. द्रोणाचार्यांनी अंगठा मागितला तो एकलव्याचा. राजपुत्राचा मागितला नाही.

कार्यकर्त्यांचे काम

या स्थितीत पक्षाच्या शाखा काय करीत आहेत? अनेक ठिकाणी उत्साही कार्यकर्ते टेबल मांडून ई-केवायसीची शिबिरे भरवतात, लोकांचे अर्ज भरून देतात आणि त्याची छायाचित्रे प्रसिद्ध करतात. अडलेल्याला मदत करणे वाईट नाही. परंतु तेवढ्यावरच थांबणारा कार्यकर्ता नकळत त्या यंत्राचा बिनपगारी नोकर बनतो. लोकांना दाराशी रांगेत नीट उभे करणे हे समाजवाद्यांचे काम नव्हे. दार उघडे ठेवण्यास भाग पाडणे हे त्यांचे काम आहे.

त्यासाठीची साधने कायद्यातच आहेत. ठाकूरद्वारपासून लालबागपर्यंत प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील शिधावाटप दुकानांची यादी करावी. वाटपाच्या दिवसांत दोन कार्यकर्त्यांनी वही घेऊन दुकानाबाहेर उभे राहावे आणि परत पाठवलेल्या प्रत्येकाचा कार्ड क्रमांक, दिनांक व नाकारण्याचे कारण नोंदवावे. २४ ऑक्टोबर २०१७ चे परिपत्रक दुकानदाराला दाखवून वेगळ्या वहीत नोंद करून धान्य देण्याचा आग्रह धरावा; न दिल्यास नकार लेखी मागावा. या नोंदी घेऊन शिधावाटप कार्यालयावर जावे. धान्य न मिळाल्यास कायद्याच्या आठव्या कलमाखालील अन्न सुरक्षा भत्त्याची मागणी करावी, आणि तेथे दाद न लागल्यास राज्य अन्न आयोगाकडे जावे. एकोणतिसाव्या कलमाखालील दक्षता समित्या कागदावर न राहता त्यांत रेशन घेणाऱ्या स्त्रिया याव्यात, आणि अठ्ठाविसाव्या कलमाखालील सामाजिक लेखापरीक्षण वस्तीच्या उघड सभेत व्हावे, हा आग्रह सोडू नये.

मागण्याही स्पष्ट असाव्यात. पत्रिका आणि क्रमांक पुरेसा मानून धान्य आधी द्यावे, शंका असल्यास पडताळणी नंतर शासनाने दारी येऊन करावी. यंत्राला वजनकाटा जोडावा. केंद्राने जून २०२१ मध्ये नियम बदलून त्याला उत्तेजन दिलेच आहे, तेव्हा नोंद अंगठ्याची न होता प्रत्यक्ष मोजलेल्या धान्याची व्हावी. लेखी नोटीस आणि सुनावणी यांवाचून एकही नाव कमी होऊ नये. ५९ हजारांची मर्यादा रद्द व्हावी, इष्टांक आजच्या लोकसंख्येवर ठरावा, आणि अंतिमतः तामिळनाडूने दीर्घकाळ चालवून दाखवली आहे तशी सर्वांसाठीची रेशनव्यवस्था महाराष्ट्रात यावी. ज्या व्यवस्थेत सर्वांना हक्क असतो, तेथे पात्र-अपात्र निवडण्याच्या यंत्राची गरजच मुळात कमी होते.

१९७२ च्या स्त्रियांनी सरकारला ‘माल कुठे गेला?’ असे विचारले होते. तो प्रश्न आजही तितकाच समर्पक आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आजही सरकारचीच आहे. येत्या महिन्याच्या वाटपापासून प्रत्येक शाखेने तो पुन्हा विचारण्यास प्रारंभ करावा.